मिक्सरवरचा हात कुणाचा?



आपली चळवळ गाण्यातून वाढली हे आपण अभिमानाने सांगतो. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा, विठ्ठल उमप, विलास घोगरे ही नावे प्रत्येक भाषणात येतात. पण गाणे रेकॉर्ड होताना कुणाचा आवाज पुढे आणि कुणाचा मागे, हे कोण ठरवतो? हा प्रश्न मला एम.ए.च्या वर्गात पडला नाही. तो पडला घरातल्या आठ चॅनलच्या जुन्या मिक्सरसमोर.

सुरुवात अपमानातून झाली. जयंतीसाठी आमच्या वस्तीच्या गायनपार्टीची चार गाणी एका स्टुडिओत रेकॉर्ड केली. मिक्सरवर बसलेला माणूस म्हणाला, "हलगी मागे ठेवू, कानाला लागते." त्याने फेडर खाली ओढला आणि आमची हलगी गेली. पैसे आमचे, गाणे आमचे, निर्णय त्याचा. तेव्हाच ठरवले, मिक्सर आपलाच घ्यायचा. वर्गणी काढून सेकंडहँड घेतला. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि कामाला लागलो.

पहिल्याच दिवशी गायकाला एक माईक, पेटीला एक, ढोलकीला एक, हलगीला एक. कोरसच्या तीन बायकांना मिळून एक, तोही कोपऱ्यात. त्यात माझी आत्या होती. चाळीस वर्षे ती जयंतीला गाते आहे, अर्ध्या चाली तिच्याच. त्या माईकमध्ये ढोलकीच जास्त शिरत होती, म्हणून मी त्याचा फेडर खाली घेतला. हलगी मात्र दणक्यात ठेवली!

रात्री गाणे ऐकून आत्या म्हणाली, "अरे, मी गायलेच नाही का यात?"

"नंतर वाढवतो," मी म्हणालो. पण वाढवता येईना. आमच्या मिक्सरची यूएसबी कॉम्प्युटरला फक्त डावा-उजवा असा एकत्र झालेला आवाज देते. प्रत्येक माईकचा वेगळा ट्रॅक मिळत नाही. एकदा मिसळले की मिसळले. आत्याचा आवाज वेगळा काढणार कुठून?

चूक यंत्राची म्हणून मोकळा होऊ शकलो असतो. पण चार माईक पुरुषांना आणि एक तीन बायकांना, हे यंत्राने ठरवले नव्हते. स्टुडिओवाल्याने हलगीचे जे केले, तेच मी आत्याचे केले.

मिक्सरवर गेन आणि फेडर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आवाज दारातून आत किती घ्यायचा ते गेन ठरवतो, आत आलेला पुढे किती पाठवायचा ते फेडर. गेन कमी ठेवून नंतर फेडर कितीही चढवा, आवाजासोबत खरखरही वाढते. आपल्या संघटनांत काय होते? निर्णयाच्या बैठकीत बाई नसते आणि स्टेजवर सत्काराला मात्र तिला पुढे बोलावतो. म्हणजे गेन शून्य, फेडर वर!

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांना गाठून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले, ते 1989 मध्ये. आपण अजून कोपऱ्यातला माईकच देतो आहोत.

पुढच्या रविवारी पुन्हा रेकॉर्डिंग केले. आत्याला स्वतंत्र माईक दिला आणि ढोलकी दाराशी नेली. तिला सगळ्यात वरची ओळ गायला लावली, लाल दिवा लागताच गेन थोडा मागे घेतला. लो-कट दाबून घुमणारा खर्ज कापला. मग फेडरवर तिचेच बोट ठेवले. "एवढा?" तिने विचारले. म्हटले, "तूच ठरव."

तरुणांनो, जयंतीच्या डीजेवर लाखो रुपये उडवण्यापेक्षा वस्तीत एक मिक्सर घ्या. शक्यतो प्रत्येक माईकचा वेगळा ट्रॅक देणारा घ्या. वह्यांत आणि म्हाताऱ्यांच्या गळ्यात असलेली गाणी रेकॉर्ड करा, फाइलवर गीतकाराचे आणि गाणारणीचे नाव लिहा. आणि रेकॉर्डचे बटण दाबण्याआधी एकदा बघा, कोपऱ्यात कोण उभे आहे.

जय भीम!