मॅकिनॉचा पूल आणि स्टाइनमन कंपनी

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचे दोन तुकडे आहेत आणि त्यांच्यामध्ये पाणी आहे. एका बाजूला लेक मिशिगन, दुसऱ्या बाजूला लेक ह्युरॉन. ही दोन अवाढव्य सरोवरे जिथे एकमेकांना मिळतात, त्या चिंचोळ्या जागेला मॅकिनॉ म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात डेट्रॉईटजवळ आमच्या नातेवाइकांकडे राहायला गेलो असताना आम्ही उभयता तिथला पूल पाहून आलो. गाडीने साधारण साडेचार तासांचा रस्ता आहे.

१९२३ पासून तिथे मोटारी पलीकडे नेणाऱ्या सरकारी बोटी होत्या. शिकारीच्या मोसमात गाड्यांच्या रांगा लागत आणि तासन्‌तास खोळंबा होई. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना कोकणातल्या खाडीवरची तर आठवत असेल. तसेच हे, फक्त पाणी कितीतरी मोठे!

१ नोव्हेंबर १९५७ रोजी पूल सुरू झाला. एकूण लांबी सुमारे ८ किलोमीटर. दोन मोठ्या मनोऱ्यांमधले अंतर ३,८०० फूट. मनोरे पाण्यापासून ५५२ फूट उंच. हा पूल आखला डेव्हिड स्टाइनमन यांच्या न्यूयॉर्कमधल्या कंपनीने.

बालमित्रांनो, या स्टाइनमनची गोष्ट ऐका. १८८६ साली एका गरीब स्थलांतरित ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या आसपास ते वाढले. लहानपणी वर्तमानपत्रे विकली, पुढे शिकून डॉक्टरेट मिळवली. रॉबिन्सन नावाच्या इंजिनियराबरोबर त्यांनी कंपनी चालवली. ब्राझीलमधला फ्लोरियानोपोलिसचा झुलता पूल (१९२६) याच कंपनीचा. आणि ज्या ब्रुकलिन पुलाजवळ ते वाढले, त्याच पुलाचे मोठे नूतनीकरणही पुढे त्यांच्याच हाती आले.

पण सगळे सुरळीत झाले असे नाही. मेन राज्यातला त्यांचा डीअर आयलचा पूल (१९३९) वाऱ्याने हलू लागला. जास्तीच्या तारा ताणून बसवून तो सावरावा लागला. दुसऱ्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा इथे मोठीच दुर्घटना झाली. तो पूल स्टाइनमनचा नव्हता; लिऑन मोइसेफ या रिगाहून आलेल्या नामांकित ज्यू इंजिनियरचा होता. जुलै १९४० मध्ये सुरू झालेला पूल ७ नोव्हेंबरला वाऱ्यात पिळवटला आणि कोसळला. माणसे वाचली, गाडीत अडकलेला एक कुत्रा मात्र गेला. त्या पुलाच्या दोन्ही कडांना लोखंडी पत्र्याच्या भरीव भिंती होत्या. वाऱ्याला जायला वाटच नव्हती.

त्यानंतर मॅकिनॉचे लोक घाबरले तर नवल काय? तिथला वारा भलताच. स्टाइनमननी काय केले? वाऱ्याला वाट दिली! भरीव भिंतींऐवजी दोन्ही बाजूंना उघडे जाळीदार सांगाडे उभारले. सांगाडा आणि रस्ता यांच्यामध्ये दोन्हीकडे दहा-दहा फूट जागा मोकळी सोडली. आणि रस्त्याच्या मधल्या दोन लेन चक्क लोखंडी जाळीच्या केल्या. वारा खालून वर निघून जातो, पूल उचलत नाही. तरी जोराच्या वाऱ्यात मधला भाग हळूहळू बाजूला सरकतो. तो सरकावा अशीच योजना आहे.

आम्ही त्या जाळीच्या लेनमधूनच गेलो. चाकांखाली घुंईऽऽ असा आवाज येतो आणि खाली पाहिले तर दोनशे फुटांवर निळे पाणी दिसते. आमच्या ह्यांनी स्टिअरिंग घट्ट धरले होते, आणि आम्ही ह्यांना! ज्यांना फारच भीती वाटते, त्यांची गाडी पुलाचे कर्मचारी स्वतः चालवून पलीकडे नेतात. अशी सोय आम्ही दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

पूल बांधताना पाच कामगारांचे प्राण गेले. पलीकडच्या सेंट इग्नेस गावात थोडा वेळ थांबलो, तेव्हा त्यांची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. स्टाइनमन १९६० साली वारले. आपण आखलेल्या या पुलावरून लोकांना जाताना त्यांनी जेमतेम तीन वर्षे पाहिले. मात्र १९५९ पासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी हजारो माणसे हा पूल पायी ओलांडतात.

मुलांनो, तुम्ही कधी गेलात तर मधल्या लेननेच जा, आणि खाली नक्की बघा. सर्वांना शालोम.