गुण्यात न बसणारं घर

शिराळ्यातल्या जुन्या घरात ट्रॉल्या बसवायच्या ठरल्या की पहिला तंटा कोपऱ्यावरून होतो. माप घ्यायला आलेला पोरगा टेप लावतो, गुण्या लावतो, पुन्हा लावतो आणि मग घरच्या माणसांकडं असं बघतो, जणू रात्रीतून आम्हीच भिंत वाकडी केली. "काका, गुण्यात न्हाई की ओ हे." नाही, बाबा. ओळंब्यातही नाही. आमच्या गल्लीत एकही स्वयंपाकघर गुण्यात नव्हतं आणि त्याची कुणाला लाजही नव्हती.

खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, त्यावर तुळया आणि कौलं. पुढं सोपा, मधी माजघर, मागं स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी आणि परडं. त्यात 11 डिसेंबर 1967 ची ती पहाट. कोयनेच्या भूकंपाचं विचारलं तर त्या वेळच्या आमच्या बायकांना आधी भांड्यांचा आवाज आठवतो, जमीन हलल्याचं मागनं. उतरंडी कोसळल्या. तूर, मीठ, चिंच, बियाणं सगळं एका ढिगात. मागच्या भिंतीनं पोट काढलं. ती उतरवून नव्यानं बांधायला पैसा कुणाकडं होता? आतनं दगडमातीचा आणखी एक थर चढवला, खाली रुंद आणि वर निमुळता, आणि कोपरा कायमचा वाकडा झाला. कुठं तुळईला टेकू म्हणून लावलेला खांब चुलीशेजारी राहिला तो राहिलाच. पुढं त्यालाच दोरी बांधून थोरली आई ताक घुसळायला लागली. आता तोच खांब नकाशात 'अडतो' म्हणे.

तर कोपरे वाकडे होते, पण रिकामा एकही नव्हता.

एक कोपरा चुलीचा. चुलीला लागून वैल, मागं भाणवस. भाणवशीवर तिखटामिठाची गाडगी, काडेपेटी आणि कधीकधी उबेला सरकलेलं मांजर. वर माळ्यावर शेणी आणि वाळल्या काटक्या, कारण आमच्या पश्चिम भागाचा पाऊस एकदा धरला की बाहेरचं सरपण पेटायचं नावच घेत नाही. त्याच धुरात मक्याची कणसं टांगलेली; धूर लागला की बियाण्याला कीड लागत नाही. म्हणजे एकाच जाळावर भाकरी व्हायची, सरपण वाळायचं आणि पुढच्या सालाचं बी राखलं जायचं. डोळ्यांतनं पाणी यायचं, ते वेगळं. त्या धुराचं कौतुक करणाऱ्यानं पावसाळ्यात एकदा ओली काटकी फुंकून बघावी.

एक कोपरा उतरंडीचा. आणि उतरंडीचा नियम असा, की जे पाहिजे ते नेहमी सगळ्यात खालच्या मडक्यात असतं.

एक कोपरा पाण्याचा. रांजण, हंडा, कळशी, पितळेचा तांब्या. हंड्याला गळती लागली तर डाग द्यायचा, पातेल्याचं कथील उडालं की कल्हईवाल्याची वाट बघायची. तो गल्लीच्या तोंडाशी भाता लावायचा. नवसागराचा वास आला की आम्ही पोरं भांडी घेऊन पळायचो. पाट्याला टाकी लावायला बाई यायची. तिचा टाकीचा ठणठणाट संपला की त्या पाट्यावरची पहिली चटणी दाताखाली कचकचायची, म्हणून ती जावयाला वाढायची नाही, असा एक अलिखित नियम होता.

पाटा उरलेल्या कोपऱ्यात. त्याच्यामागं विळी. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून त्या दिवशी विळी तोंड भिंतीकडं करून उभी आणि चुलीवर पुरणाची दिंडं उकडायला. आपल्या गावची पंचमी तर सगळ्या मुलखाला ठाऊक. नाग धरणाऱ्यांच्या घरी तोंडाला फडकं बांधलेलं मडकं असायचं, आणि त्या मडक्याकडं घरातलं शेंबडं पोरही हात नेत नसे. न्यायालयाच्या आदेशानं जिवंत नागाची पूजा थांबली. आता पूजा मातीच्या नागाची. विळी मात्र अजून तशीच उभी करतात, अगदी मिक्सर असलेल्या घरातही.

थोरली आई पाटावर बसली की बसल्या जागी सगळं हाताला लागायचं: काटवट, पिठाचा डबा, तव्याशेजारी उलथणं, डाव्या हाताला पाण्याचा तांब्या. उठायचं कुणी, तर सुनेनं. पार जर्मनीत 1926 मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या बाईंनी स्वयंपाक करणारीची पावलं मोजून फ्रँकफर्टच्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं, सव्वासहा फूट रुंद नि अकरा फूट लांब. तशी सुमारे 10,000 बांधली गेली, आणि आजच्या सगळ्या ट्रॉल्यांचं मूळ तिथं. त्यांचा हिशोब एकट्या बाईचा होता. आमच्या खोलीत एका वेळी दोघी जावा, एक नणंद, भाकरीची वाट बघणारी पोरं आणि उंबऱ्यात बसून सल्ले देणारी शेजारीण, एवढ्यांची पावलं धरायला लागली असती.

मग गॅस आला. मुंबईत तो 1955 सालीच आला होता. आमच्या गल्लीत फार उशिरा उगवला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर पाहिजे, म्हणून ओटा आला. कडप्प्याचा, खाली उघडा, पुढं जुन्या साडीचा पडदा. थोरली आई बरेच दिवस ओट्यापुढं उभी राहायला तयार नव्हती. "उभ्यानं रांधायला मी काय लग्नातला आचारी हाय?" त्याच सुमाराला गिरण्यांतनं काम करणारे आमचे चुलते मुंबईहून स्टीलची मांडणी घेऊन आले. परळच्या खोलीत एका भिंतीवर सगळा संसार टांगायची त्यांना सवय. 1982 चा संप लांबला आणि मांडणी माणसांसकट गावी आली. बोहारणीला जुनी लुगडी देऊन घेतलेल्या, नावं घातलेल्या ताटल्या तिच्यात ओळीनं लागल्या.

आणि आता ट्रॉल्या. दोन फूट खोल ओटा इकडनं येतो, दोन फूट तिकडनं, आणि जिथं गाठ पडते तिथला दोन बाय दोनचा चौकोन दोन्हीकडनं हाताला लागत नाही. शेजारशेजारच्या ट्रॉल्या एकदम ओढल्या तर मुठी एकमेकींवर आपटतात, म्हणून मधी पट्टी सोडायची. वरची कपाटं टांगायची तर पांढऱ्या मातीत खिळा धरत नाही. मग खालून लोखंडी चौकट उभी करायची. पोरगा सांगतो, कोपऱ्यात गोल फिरणारी जाळी बसवू. किंमत ऐकून धाकट्या वैनी म्हणतात, तेवढ्यात शेळी येईल.

आमचं मत विचाराल तर साधं दार बरं. आत वर्षातनं एकदा लागणारं ठेवावं: पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, लग्नातली मोठी परात, बिघडलेल्या स्टोव्हचा नीट असलेला बर्नर. दिवाळीला वैनी मोबाइलचा उजेड पाडून, अर्ध्या आत जाऊन सोऱ्या काढतात, आणि सोऱ्या सगळ्यात मागं असतो.

पाटा ओट्याखाली उभा राहिला, खांब तिथंच ठेवून दोन्ही बाजूंच्या ट्रॉल्या त्याला टेकवल्या. वाकड्या भिंतीमुळं ग्रॅनाइटच्या मागं पाचरीसारखी फट राहिली होती. ती बुजवायला पोरानं तीन कोनी तुकडा कापून आणला, बसवला, वर मिठाची बरणी ठेवून दाखवली. भिंतीचा दोष धरून कामाचे पैसे थोडे कमी करतो म्हणाला होता. पाचरीचे मात्र वेगळे लावले.