राज्य बदलताना, बंदुकीसह

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
नोव्हेंबर २०२५

चि. सोनू यास, अनेक आशीर्वाद.

रेडमंडची नोकरी पक्की झाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. पण सामानाच्या यादीत तू पिस्तुलाबरोबर एआर-१५ रायफलही लिहिली आहेस, म्हणून हे पत्र. ती रायफल तुला इथे आणता येणार नाही.

तुमच्या टेक्ससमध्ये २०२१ पासून परवान्याशिवायही पिस्तूल कमरेला लावून फिरता येतं. इथे कोटाखाली बाळगायचं तर परवाना काढावा लागतो. एआर-१५सारख्या रायफली विकायला, बनवायला आणि बाहेरून आणायला २५ एप्रिल २०२३ पासून बंदी आहे. ज्यांच्याकडे आधीच होत्या त्यांच्याकडे राहिल्या, वारशाने मुलांकडेही जाऊ शकतात; नव्याने राहायला येणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. तुझं पिस्तूल चालेल, पण त्याचं पंधरा गोळ्यांचं मॅगझिन चालणार नाही. दहाहून अधिक गोळ्या मावणारी मॅगझिनं जुलै २०२२ पासून राज्यात आणता येत नाहीत. तेव्हा रायफल आणि ती मॅगझिनं तिथल्याच परवानाधारक दुकानदाराला विकून ये.

१ मे २०२७ पासून आणखी एक पायरी वाढते आहे. नवी बंदूक घ्यायची तर आधी राज्य पोलिसांकडून खरेदीचा परवाना काढायचा. त्यासाठी बोटांचे ठसे द्यायचे आणि प्रत्यक्ष गोळी झाडण्याच्या सरावासह प्रशिक्षण घेतल्याचा दाखला जोडायचा. परवाना ५ वर्षं चालेल. शिवाय खरेदीचा अर्ज दिल्यावर बंदूक हातात पडायला कामकाजाचे १० दिवस थांबावं लागतं, ते २०२४ पासूनच आहे.

कायदे पाळणाऱ्यालाच नडतात, असं तू नेहमी म्हणतोस. तुझा त्रास मला समजतो. तरी एक लक्षात घे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. दहा दिवसांत माणसाचा राग उतरतो, कुणीतरी घरी येऊन विचारपूस करतं, पुढचा पगार होतो. एवढी सवड मिळून एखादा जीव वाचणार असेल, तर तू-मी ती गैरसोय आनंदाने सोसली पाहिजे.

माझा आक्षेप निराळा आहे. पेट्रोल पंपावरच्या दुकानात रात्रपाळीला एकट्याने गल्ला सांभाळणाऱ्या माणसाला स्वसंरक्षणाची गरज आपल्यापेक्षा जास्त. प्रशिक्षणाची फी आणि बुडालेला रोज त्यालाच जड जाणार. हक्क घटनेने दिला आहे, तर तो खिसा बघून मिळता कामा नये. स्वस्त वर्ग, सुट्टीच्या दिवशीचे वर्ग, जवळपास रेंज, ही सोय कायदा लागू होण्याआधी सरकारने करायलाच हवी. आमच्या आमदारांना मी हे लिहून कळवलं आहे.

आता तुझ्या घरापुरतं. २०१८ साली जनमताने संमत झालेल्या कायद्यानुसार, बेफिकिरीने ठेवलेली बंदूक मुलाच्या हाती लागून कुणाला इजा झाली तर मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. पिस्तूल रिकामं करून तिजोरीत ठेव, गोळ्या वेगळ्या कुलपात. चावी उशाजवळच्या ड्रॉवरमध्ये नको. चिऊच्या वयाची मुलं प्रत्येक ड्रॉवर उघडून बघतात.

आणि ऑफिसातला एखादा मित्र एच-वन-बी व्हिसावर असेल, तर त्याला हौसेने रेंजवर नेऊन हातात बंदूक देऊ नकोस. शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद सोडले तर केंद्रीय कायद्याने त्याला बंदूक बाळगायला मनाई आहे. तुझी हौस होईल आणि त्याचं इथलं राहणं धोक्यात येईल.

निघण्याआधी वकिलाशी एकदा बोलून घे. या मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅगझिनवरची बंदी वैध ठरवली, तरी वाद मिटलेले नाहीत. पुढे नियम सैल होवोत की कडक, तिजोरीचं कुलूप तू कुणी न सांगता लावशील, एवढी खात्री मला तुझ्याकडून हवी आहे. ताईलाही तेच सांगणार आहे.

तुझा,
मामा