तरवड

हैदराबादच्या कडेला घर घेतलं तेव्हा मागं ‘गार्डनसाठी जागा’ आहे, असं सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात तिथं दोन मोठे ग्रॅनाइटचे धोंडे, त्यांच्यामध्ये वीतभर मुरूम आणि खाली पुन्हा खडक. दोन वर्षं मी तिथं हिरवळ आणि गुलाब लावले. एप्रिलपासून टँकरचं पाणी घालून जगवायचे, मेअखेर ते मरायचे.

बाबा गेल्यावर आई तुळजापूरजवळच्या गावाहून माझ्याकडं राहायला आली. मागचं दार उघडून तिनं एकदा नजर फिरवली. “हा तर माळ आहे. माळावर गुलाब लावतंय का कुणी? तरवड लाव.”

तरवड म्हणजे नवरात्रात आजीच्या घटावर चढणारी पिवळी माळ, एवढंच मला आठवत होतं. ती फुलं कुठल्या झुडपाची, हे मी कधी पाहिलं नव्हतं. आईनं ते दुसऱ्याच आठवड्यात रस्त्याकडेला दाखवलं. कमरेएवढं झुडूप, चिंचेसारखी पण जरा मोठी पानं, पिवळीजर्द फुलं. रिक्षावाला सहज म्हणाला, “तंगेडू.”

आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

सात वर्षांपूर्वी मी एका तेलुगू कथेचा अनुवाद केला होता. कथेतला म्हातारा डोक्यावर तंगेडूच्या सालीचा भारा घेऊन गावाबाहेरच्या वाटेनं जातो. लेखकानं त्याची जात कुठंही लिहिलेली नाही. लिहायची गरजच नाही. या सालीत टॅनिन भरपूर, चामडं कमावायला ती लागायची. भारा पाहिला की वाचकाला सगळं कळतं. मी काय केलं होतं? ‘पिवळ्या फुलांच्या रानझुडपाचा भारा.’ साल गेली, धंदा गेला, गावाबाहेरची वाट नुसती निसर्गरम्य झाली. तौलनिक साहित्यात एम. ए. केलेल्या बाईनं शब्दकोश धुंडाळले, आईला फोन केला नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, “तरवडाची साल ना? आमच्या गावातही न्यायचे. त्या कुंडांचा वास लांबवर यायचा.” मग जरा थांबून, “आम्ही त्या बाजूला जायचो नाही.” यापुढं ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

लावायचं मात्र ठरलं. रस्त्याकडेची दोन रोपं उपटून आणली, ती आठ दिवसांत गेली. सोटमूळ खोल जातं. ते तुटलं की संपलं. मग वाळक्या, चपट्या शेंगा आणल्या. बी टणक असतं. पॉलिश पेपरवर घासून, रात्रभर कोमट पाण्यात ठेवून, पहिल्या पावसानंतर थेट धोंड्यांच्या फटीत टोकलं. खत नाही, कुंडी नाही. पहिल्या वर्षी जेमतेम वीतभर वाढ. मी निराश, आई म्हणे, ते आधी खाली वाढतंय. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला तांब्याभर पाणी दिलं, दुसऱ्या उन्हाळ्यात तेही नाही. सोडलं तर ते छातीला लागतं, म्हणून फुलोरा ओसरला की गुडघ्याएवढं छाटते. मग फांद्या आडव्या पसरून खडक झाकतात. पावसात वाहून जाणारा मुरूमही आता तिथंच अडतो.

शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. लॅटिनमध्ये ऑरिक्युलाटा म्हणजे कानवाली. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन उपपर्णं असतात. तमिळमध्ये ‘आवारम्’. शेजारच्या तमिळ काकू चहासाठी फुलं वाळवतात. भुंगे येतात, फुलाला लटकून जोरात गुणगुणतात आणि त्या थरथरीनं पराग सांडतो. हे बघण्यात माझ्या कितीतरी सकाळी गेल्या आणि एका कादंबरीची मुदतही.

तिसऱ्या वर्षी भरभरून फुललं आणि पेच पडला. नवरात्र आणि बतुकम्मा यांचे दिवस जवळजवळ एकच. तंगेडूशिवाय बतुकम्मा रचत नाहीत. तेलंगणचं ते राज्यफूलही आहे. पहाटेच समोरच्या घरातली सून परात घेऊन फाटकात उभी. आईला तेलुगू येत नाही, तिला मराठी नाही. “तंगेडू,” ती म्हणाली. “तरवड,” आई म्हणाली. आईनं झुडपावरची फुलं नजरेनं मोजली. नऊ माळांचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का होता. मग खालच्या फांद्या तिच्याकडं वाकवल्या आणि वरच्यांवर हात ठेवला. सुनेला कळलं.

माळावरच्या फुलांची माळ. माळ तो माळ आणि माळ ती माळ. हे मला अजून कुठल्याच भाषेत नेता आलेलं नाही.

त्या अनुवादाची दुसरी आवृत्ती निघायची चिन्हं नाहीत. माझ्याकडं अकरा प्रती उरल्या आहेत. त्या रात्री घट बसल्यावर मी त्या काढल्या आणि पेनानं ओळ खोडून ‘तरवडाच्या सालीचा भारा’ असं लिहीत बसले. सहाव्या प्रतीला आईनं विचारलं, काय करतेस. मी तो परिच्छेद वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला, मग म्हणाली, “त्याला पाणी दिलं का कुणी, पुढं?”

कथेत ते नाही.