वेताळ असं बोलत नाही

"याची चड्डी कुठंय?"

सिनेमा सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. दोरांच्या पुलावर लटकलेल्या ट्रकमधून एका पोराला वाचवायला वेताळ आला होता. पांढरा घोडा होता, कमरेला पिस्तुलं होती, डोळ्यांवर मुखवटा होता. मी श्वास रोखून बघत होतो, आणि बाबांनी हा प्रश्न टाकला.

मी पॉज केलं. खरंच, बिली झेननं नखशिखांत जांभळा पोशाख घातला होता, पण वरची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी नव्हती. बाबांनी चष्मा वर करून स्क्रीनजवळ तोंड नेलं. "आणि हे शिवलेलंबी नाही. शिवण दिसतीय का बघ कुठं. ओतलंय सगळं."

बाबा टेलर आहेत. परतूरला दुकान आहे, आजोबांपासूनचं. एप्रिल २०२०मध्ये ते दुकान बंद होतं आणि मी पुण्याहून घरी येऊन अडकलो होतो. बाबांनी मशीन घरात आणलं होतं आणि दिवसभर ते मास्क शिवत होते. मी ऑफिसचे कॉल संपले की इलॅस्टिक कापून द्यायचो. संध्याकाळी करायला काहीच नसायचं. तेव्हा मी म्हटलं, बाबा, तुमच्या वेताळावर सिनेमा आहे, बघायचा का? इंग्लिश आहे, पण मी सांगत जाईन.

वेताळ म्हटल्यावर तुम्हाला विक्रमाच्या पाठीवर बसून गोष्टी सांगणारा आठवत असेल. हा तो नाही. हा ली फॉकचा फँटम, १९३६मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आलेला, म्हणजे सुपरमॅनपेक्षाही दोन वर्षांनी मोठा. आपल्याकडे तो १९६४पासून टाइम्स समूहाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून आला आणि मराठीत त्याचा वेताळ झाला. त्याच्याकडे कसलीही जादूची शक्ती नाही. चारशे वर्षांपूर्वी चाच्यांनी बापाला मारलं, मुलानं मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाशी लढायची शपथ घेतली. तो मेला की त्याचा मुलगा तोच पोशाख घालतो, मग त्याचा मुलगा. आताचा एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा एकच माणूस आहे आणि तो मरतच नाही.

इथल्या अंकांत काही नावंही बदललेली असायची. वेताळाचा देश बेंगाला, तो इथं डेंकाली झाला. सिंग नावाच्या चाच्यांची टोळी होती, तिचं सिंगा केलं, बहुतेक खऱ्या सिंगांना राग येऊ नये म्हणून.

बाबांचा जन्मही १९६४चा. त्यांच्याकडे लोखंडी पेटीत सदतीस अंक होते, काही कव्हर नसलेले, काहींना मशीनची टीप मारून बांधलेलं. आजी त्या पेटीला हात लावायची नाही. तिच्या माहेरी गावाबाहेर वेताळाचं ठाणं होतं, शेंदूर फासलेला दगड. त्याचं नाव घरात दिवेलागणीला घ्यायचं नाही, असा तिचा नियम होता. मी मात्र त्या पेटीतूनच वाचायला शिकलो.

तिसरीत असताना गॅदरिंगला मी वेताळ झालो. बाबांनी जांभळ्या अस्तराचा पोशाख शिवला, गादीच्या पट्टेरी कापडाची चड्डी शिवली. पण इंद्रजाल १९९०लाच बंद पडलं होतं आणि माझ्या वर्गातली पोरं दूरदर्शनवरच्या शक्तिमानवर वाढलेली. माइकवरून पुकारलं गेलं, "आता येत आहे शक्तिमान!" मी स्टेजवर गोल गिरकी घेतली आणि खाली उतरून रडलो. बाबा म्हणाले, "चड्डी बघूनबी ओळखलं नाही लोकांनी?"

त्यामुळे चड्डीचा मुद्दा आमच्या घरात जुना आहे.

दुसरा मुद्दा डोळ्यांचा. कॉमिक्समध्ये वेताळाचे डोळे कधीच दिसत नाहीत. मुखवट्यात नुसत्या पांढऱ्या फटी. शहरात जाताना तो ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा घालतो. त्याचा चेहरा बघणारा मरतो अशी जंगलात समजूत, आणि वाचकालाही तो कधी दाखवत नाहीत. सिनेमात बिली झेन मुखवटा काढून छान हसतो, उघड्या डोळ्यांनी बघतो. "झालं," बाबा म्हणाले, "आता काय राह्यलं!" नट महाग आहे, चेहरा दाखवणारच, असं मी समजावलं. मलाही आतून तसंच वाटलं होतं, पण सिनेमा मी लावला होता, त्यामुळे त्याची बाजू घेणं भाग होतं.

तिसरा मुद्दा माझ्यावरच आला. मी संवाद जमेल तसे मराठीत सांगत होतो. वेताळ खलनायकाला काहीतरी म्हणाला, मी म्हटलं, "तो म्हणतोय, गप ऱ्हा नाहीतर लई मार खाशील."

"वेताळ असं बोलत नाही," बाबा म्हणाले.

खरं होतं. बाबांचा वेताळ पुस्तकी मराठी बोलायचा, आमच्या गल्लीत कुणीच बोलत नाही तशी. बाबा गिऱ्हाइकाशी 'कामून आला नाहीस' असं बोलतात, पण रागावले की त्यांच्या तोंडी अचानक 'सावधान' येतं. ते कुठून आलं, हे मला त्या दिवशी कळलं. मग मी वेताळाला शुद्ध बोलायला लावलं. बाबा खूश झाले.

कवटीच्या गुहेत वेताळाचा मेलेला बाप येतो. फक्त त्यालाच दिसतो, त्याच्याशी बोलतो, चुका काढतो. पॅट्रिक मॅकगूहननं ते काम केलंय. कॉमिक्सचा भक्त म्हणून मी लगेच म्हणालो, "हे पुस्तकात नाही. पुस्तकात मेलेले वेताळ गप पडलेले असतात."

बाबा काही बोलले नाहीत. सीन संपल्यावर म्हणाले, "बरं केलं यांनी."

बाबा १९८४ साली औरंगाबादला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आजोबा मशीनवर बसल्या बसल्या गेले. तार आली, बाबा परत आले आणि तेराव्यानंतर मशीनवर बसले, कारण लग्नसराईचे कपडे अर्धे कापून पडले होते. कॉमिक्समधला किट वॉकरही असाच अमेरिकेत शिकत असतो आणि बाप मरणाला टेकल्यावर त्याला जंगलात बोलावून घेतात. आसपासच्या खेड्यांतून येणारी माणसं आजोबांना मास्तर म्हणायची. बाबांनाही मास्तरच म्हणायला लागली. अजूनही एखादा म्हातारा येतो आणि म्हणतो, "मास्तर, माझ्या लग्नातला कोट तुम्हीच शिवला होता." त्या लग्नाच्या वेळी बाबा चौथीत असणार. बाबा म्हणतात, "हो, आठवतोय ना."

मला बारावीनंतर त्यांनी एकदाच विचारलं होतं, "तुला बसायचंय का इथं?" मी नाही म्हणालो. "बरं," म्हणून ते कापड कापत राहिले. ते 'बरं' मी पुण्यात दहा वर्षं मनात घोळवत होतो. रेडिमेडमुळे दुकान तसंही आटत चाललं होतं, असं स्वतःला सांगत होतो.

सिनेमा पॉज होता. मी विचारलं, "बाबा, मी नाही म्हणालो तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं होतं का?"

"वाटलं की," ते म्हणाले. "पण मला कुणी विचारलंच नव्हतं. दादा गेलेच एक शब्द न बोलता. मी तवाच ठरवलं, आपण विचारायचं." मग थोडं थांबून, "विचारलं म्हणजे नाहीबी ऐकून घ्यावं लागतं."

मला पुढं काही सुचलं नाही. मी प्ले केलं.

शेवटी वेताळ जिंकला. बाबांनी विचारलं, "दुसरा भाग आला का?"

"नाही. चाललाच नाही सिनेमा. १९९६ला आला आणि पडला."

"पडणारच," बाबा उठता उठता म्हणाले. "चड्डी नव्हती." आणि मशीनवर बसून उरलेले मास्क शिवायला लागले. मी इलॅस्टिक घेतलं.