तळाशी राहणारा

सिंधूचं नाव निघालं की माणूस उगाच मोठं बोलायला लागतो. वेद, संस्कृती, इतिहास. लेहजवळ ती समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर वाहते. उन्हाळ्यात बर्फ वितळला की पाणी राखी, गढूळ. हात घालावा तर बोटं क्षणात बधिर. मला या नदीतलं सगळ्यात काय आवडत असेल तर तळाच्या दगडांखाली राहणारा बोटाएवढा मासा. ट्रिप्लोफायसा स्टोलिच्काय. नाव अंगाहून लांब.

हा लोच कुळातला. अंगावर खवले नाहीत, मातकट कातडीवर गडद डाग, तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या. अशा गढुळात डोळ्यांचा भरवसा किती धरायचा? मिशांनी दगड चाचपत तो किड्यांच्या अळ्या, शेवाळ शोधून खातो. माशांना तरंगतं ठेवते ती पोटातली हवेची पिशवी, आणि याने तीच जवळजवळ सोडून दिली आहे: मागचा कप्पा आक्रसलेला, पुढचा हाडाच्या डबीत बंद. या नदीत तरंगायचं म्हणजे वाहून जायचं. वर प्रवाह कितीही माजला तरी तळाशी, दगडाच्या आडोशाला पाण्याचा जोर ओसरतो. तेवढ्या जागेत हा अंग चोरून टिकतो, विरार लोकलच्या दारातल्या रेट्यात नेमका कोपरा धरणाऱ्या जुन्या प्रवाशासारखा.

ज्याचं नाव या माशाला चिकटलं तो फर्डिनंड स्टोलिच्का मोराव्हियाचा. १८६२ मध्ये भारताच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात आला आणि हातोडी घेऊन हिमालयात शिरला. जीवाश्म हे त्याचं काम, पण पक्षी, गोगलगायी, मासे, काहीच त्याच्या तावडीतून सुटत नसे. लडाखच्या रूपशू भागातल्या त्सो मोरिरी सरोवरातल्या या माशाचं वर्णन १८६६ मध्ये व्हिएन्नाच्या मत्स्यतज्ज्ञ स्टाइनडाखनरने छापलं. पुढे यारकंदच्या मोहिमेवरून परतताना, काराकोरम खिंड ओलांडल्यावर, मुर्गो इथे १९ जून १८७४ रोजी स्टोलिच्का गेला. नुकती छत्तिशी पूर्ण झाली होती. विरळ हवेने त्याला आधीही छळलं होतं, तरी तो पुन्हा पुन्हा वर जातच राहिला. लेहमध्ये त्याचं स्मारक आहे. पर्यटक तिथे फारसे फिरकत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मोटारसायकलवरून खार्दुंग ला खिंड गाठण्याच्या घाईत ते साहजिकही आहे.

माशाला मात्र माणसांकडून फारसा त्रास नव्हता. इथल्या तिबेटी बौद्ध विचारात जीव लहान म्हणून पाप लहान होत नाही. एका याकच्या मांसावर घराचा हिवाळा निघतो. तेवढं पोट भरायला या बोटभर माशांचे किती जीव घ्यावे लागतील! अहिंसेतला हा हिशेब मला फार व्यवहारी वाटतो आणि म्हणूनच पटतो.

डोंगरी ओढ्यांतले मासे प्रवाहाला कसे तोंड देतात, याचा ध्यास मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी घेतला होता. पूर्व हिमालयातले असे मासे सातपुड्याच्या रांगेवरून सह्याद्रीपर्यंत पोचले असावेत, असा त्यांचा तर्क. आज तो सगळ्यांना मान्य नाही. पण सह्याद्रीच्या ओढ्यांतही दगडाला बिलगून राहणारे लोच आहेत, तसेच मिशाळ, तसेच चपळ. फक्त त्यांच्यापुढचा पेच वेगळा. बर्फाचा प्रश्न नाही; पावसाळ्यात लोंढा सोसायचा आणि उन्हाळ्यात, धार तुटली की, उरलेल्या डबक्यात जून गाठायचा.