माप कोणाचे?

म्हसळा, ३ जून

२०२० साली याच तारखेला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या नारळी-पोफळीच्या कित्येक पिढीजात वाड्या आडव्या झाल्या, हे स्मरले की कोणत्याही संस्थेच्या कारभाराचा व संगणकव्यवस्थेचा आराखडा कोणाच्या गरजेतून सिद्ध व्हावा, हा प्रश्न मनात जागा होतो.

वादळानंतर पंचनामे झाले, सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली, परंतु ज्या मुलखात जमीन गुंठ्यांत मोजतात, एका सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदार असतात आणि बागायतदार आपली मालमत्ता क्षेत्राने नव्हे तर झाडांनी जाणतो, तेथे हेक्टराचे माप उदार असूनही अपुरे पडले, आणि पुढे नारळ-सुपारीसाठी झाडनिहाय मदतीचा निर्णय घ्यावा लागला.

यात मला मोठा बोध दिसतो. दप्तर, नमुने, माहितीसंच आणि त्यांना जोडणाऱ्या यंत्रणा कितीही सुसूत्र असल्या, तरी मोजमापाचे एकक जर रयतेच्या व्यवहारातून आलेले नसेल, तर ती सुसूत्रता व्यर्थ होय. म्हणून आराखडा रचणाऱ्याने प्रथम वाडीत जावे, बागायतदाराचा हिशेब त्याच्याच तोंडून ऐकावा आणि मगच रकाने आखावेत, असे मला मनःपूर्वक वाटते.